कंडक्टरच्या खिशातली चिठ्ठी

आमच्या घरी झाडांचे वाढदिवस पाठ असत, माणसांचे नाही. बाबांची संत्र्याच्या कलमांची वाडी होती, पांढुर्ण्याबाहेर, नाल्याला लागून. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याच्या फांदीचा डोळा कोणत्या दिवशी बांधला ते बाबा पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरत आणि तो तुकडा वाफ्याच्या तोंडाशी रोवून ठेवत. गिऱ्हाईक आलं की पत्र्याकडे न पाहताच सांगत, हा वाफा दिवाळीच्या चौथ्या दिवसाचा, हा संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा. माझ्या जन्माचं विचारलं तर माय म्हणे, मृगाचा बहार फुटला होता, पावसाळ्याच्या तोंडाचा. बाबा म्हणत, नाही, आंबियाचा, थंडी सरतानाचा. आणि त्यावर दोघांचं अर्धा तास चाले. शेवटी शाळेत नाव घालताना मास्तरांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मनाने एक तारीख लिहून टाकली. ती ऐन थंडीतली निघाली, संत्र्याच्या तोड्याच्या दिवसांतली. दोघांपैकी कोणाचंच खरं झालं नाही, म्हणून दोघांनीही ती तारीख मनावर घेतली नाही. अशा घरात एका दुपारी मायने पालक निवडता निवडता बाबांना विचारलं, "काहो, वनीची शाळेतली तारीख कोणती हाय? त्या दिवशी सांबारवडी करू म्हणते. वाढदिवस करू तिचा." मी आत तांदूळ पाखडत होते. माझं सूप जागीच थांबलं.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याने माप भरलं की मी ते उजेडात धरून पाहत असे. शेजारीण साखर मागायला आली तर ती साखरेसाठी आली नाही, आमच्याकडे कोण पाहुणा आला ते पाहायला आली, हे मी मायला आधीच सांगून ठेवी, आणि बहुतेक वेळा तसंच निघे. बाबा मला 'फौजदार' म्हणत. रात्री ताटावर बसले की विचारत, "फौजदार, तपास कुठवर आला?" मलाही ते पद आवडत असे. आज साठी उलटल्यावरही मोबाइलवर बँकेचा संदेश आला की मी तो आधी खोटाच धरते. माझी मुलगी हसते. पण त्यातले निम्मे खरोखर खोटे असतात, हे मात्र ती मान्य करत नाही.

माझ्या संशयाला त्या वेळी चांगलं भक्कम कारण होतं, ते म्हणजे शोभाताई. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं हे तिला कळलं तेव्हा पाहुणे ओट्यावर बसले होते, मायने तिला ओढून साडी नेसवली होती आणि हातात पोह्यांच्या बशांचं ताट दिलं होतं. तिला बोरगावकडे दिली. वाईट काही झालं नाही, भाऊजी शांत आणि कामसू माणूस. पण एका दिवाळीत आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही, वने." एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. ते वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं. आपल्यावर ही पाळी आली तर आपण आधी ओळखायची आणि वेळेवर मोडून काढायची, असं मी ठरवून टाकलं.

बारावी झाली होती. मला शिक्षिका व्हायचं होतं. पावसाळ्यात छिंदवाड्याला मास्तरकीच्या शिक्षणासाठी अर्ज केला, यादीत नाव आलं नाही, आणि मी दोन दिवस जेवले नाही. तेव्हापासून घरात त्या विषयाचं कोणी नाव काढत नसे. मी दिवसभर बाबांच्या हाताखाली कलमं बांधत असे. डोळा काढायचा तो चाकू फार बारीक धारेचा असतो, आणि शिकाऊ हाताचा अंगठा त्याला हमखास लागतो. बाबांच्या उजव्या अंगठ्यावर तिरप्या बारीक चिरा होत्या, तशाच आता माझ्याही अंगठ्यावर उमटायला लागल्या होत्या. मायला ते बघवत नसे. ती रोज हळद लावायची आणि पोरीच्या जातीचे हात असे करून ठेवले म्हणून बाबांना बोलायची.

तर त्या वाढदिवसाच्या गोष्टीपासून मी कान टवकारले आणि मग एकामागून एक पुरावे जमत गेले. बाबांनी कपाटातून माझा शाळेचा दाखला काढून नेला. मी विचारलं तर म्हणाले, लागते एका कामाले. कोणत्या कामाला ते सांगितलं नाही. मग माय मला स्टुडिओत घेऊन गेली आणि माझा फोटो काढवला, मान सरळ, वेणी पुढे. कशाला, तर म्हणे घरात तुझा एकही फोटो नाही. एका आठवड्यात दोन सुती साड्या आल्या. मी तोवर परकर-ओढणीत फिरत होते, मला साड्या कशाला? मग एक पत्र्याची पेटी आली, कुलपासकट, निळ्या रंगाची. सगळ्यावर कडी म्हणजे एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मायने सहज विचारल्यासारखं विचारलं, "लहान लेकराचा तुले कटाया येत नाही ना?" आणि उत्तराची वाट न पाहता ती तव्याकडे वळली. दाखला कशाला, तर वय दाखवायला. अठरा पुरे झाले की कायद्याने मोकळं. वाढदिवस म्हणजे त्याचंच निमित्त. सांबारवडीच्या सारणासारखा हा सगळा बेत घट्ट गुंडाळून ठेवला होता, आणि मला मात्र तो आरपार दिसत होता.

मंगळवारी सेठजींनी रस्त्यापलीकडून हाक मारली. आमच्या मोहल्ल्यात फोन एकट्या त्यांच्या किराणा दुकानात, सगळ्यांचे निरोप तिथेच येत. सेठजी लहानपणी राजस्थानातून आलेले, आणि आपल्याला मराठी अगदी अस्सल येते याचा त्यांना फार अभिमान. गमतीचं बोलायचं असलं की मराठीत बोलत, महत्त्वाचं असलं की हिंदीत. त्या दिवशी ते हिंदीत बोलले, तेव्हाच मी सावध झाले. "बिटिया, सौंसर से तुम्हारी बुआ का फोन था. लाइन बहुत खराब थी, पर मैं सब समझ गया. बोलीं, लड़की का ससुराल पक्का हो गया. चालीस के हैं. छोटे-छोटे बच्चे हैं, पर लड़की सँभाल लेगी. शनिवार को लेकर आना." आणि बरणीतून शेंगदाण्याची एक चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली, तोंड गोड कर म्हणून.

चिक्की मुठीत धरून मी घरी आले. सुमनआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सौंसरला राहायची, विधवा, आणि माझ्यावर तिचा भारी जीव. तीसुद्धा यात सामील होती. चाळीस वर्षांचा बिजवर, पहिल्या बायकोची लहान लहान लेकरं. मायचा तो तव्याकडे वळून विचारलेला प्रश्न आता पुरता समजला. शनिवारी कोणती तारीख येते हे मी कॅलेंडरवर पाहिलं. माझी शाळेतली तारीख शनिवारीच येत होती.

मी निरोप कोणालाच सांगितला नाही. हा माझा गुन्हा, आणि तो मी इथे सरळ कबूल करते. निरोपच पोचला नाही तर शनिवारी मला कोणी नेणार नाही, एवढंच माझं गणित होतं. बुधवारी संध्याकाळी बाबा सेठजींच्या दुकानातून तेल घेऊन आले आणि दारातच थांबून माझ्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घालून लसूण सोलत होते. "काही सांगाचं राहिलं काय, फौजदार?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. गुरुवारी वाडीत कलम बांधताना ते दोनदा बोलायला म्हणून थांबले आणि दोन्ही वेळा सुतळी तोंडात धरून पुढच्या रोपाकडे गेले. शुक्रवारी ते नीट जेवले नाहीत. माय त्यांना खूण करत होती आणि ते मानेने नको म्हणत होते. मला वाटलं, मन खातंय. पोरीला बिजवराला द्यायची म्हणजे घास कसा उतरेल. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि त्या दोन्हींमुळे मी त्यांच्याशी आणखीच तुटक वागत होते.

शनिवारी पहाटे मी ठरवलं की आपण एकटीने सौंसरला जायचं. आत्याला गाठायचं आणि तोंडावर सांगायचं, नाही. त्या माणसालाही पाहायचं जमलं तर. मी त्याआधी एकटी कधी गावाबाहेर गेले नव्हते, गेले ते जामसांवलीच्या मारुतीला, मायच्या पदराला धरून. मायला सांगितलं की मैत्रिणीकडे हळद-तिखट कुटायला चालले, दुपारपर्यंत येते. माय सांबार धूत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ढीगभर हिरवागार सांबार सुपात निथळत होता. ती म्हणाली, "संध्याकाळच्या आत येजो, आज तुहा दिवस हाय." मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि निघाले.

बसस्टँडवर जामसांवलीला जाणाऱ्यांची ही गर्दी, शनिवार ना. नारळ, रुईची माळ, पोरंबाळं. बसच्या दाराशी गुलाबराव कंडक्टर उभे राहून ओरडत होते, "सौंसर, सौंसर, सौंसर. सासरवाले बी चढा, सौंसरवाले बी चढा." हा त्यांचा नेहमीचा विनोद, आणि लोक नेहमीसारखे हसत होते. मला त्या दिवशी तो विषासारखा लागला. मी मागच्या सीटवर एका जाड बाईच्या आड बसले, आणि खिडकीतून पाहते तर बाबा. धोतराचा सोगा हातात, घाईघाईने येत होते. मी ओढणी नाकापर्यंत ओढली. ते मला शोधत नव्हते. ते गुलाबरावांजवळ गेले, खिशातून घडी केलेला कागद काढला, दोन शब्द बोलले, आणि गुलाबरावांनी तो कागद छातीच्या खिशात ठेवला. त्या काळी या बसमधून माणसांच्या बरोबरीने निरोपही जात. गोळ्या, चष्मे, लग्नाची बोलणी, सगळं कंडक्टरच्या खिशातून जायचं, आणि पोचायचंही. बस हलली तेव्हा बाबा तिथेच उभे होते. एवढे म्हातारे ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

सगळा रस्ता माझी नजर त्या खिशावर. बाहेर संत्र्याचे ढीग लागले होते, बाया गवत पसरून फळं निवडत होत्या, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. शेजारच्या बाईने मला एक संत्रं सोलून दिलं आणि विचारलं, कोणाची तू, कुठं चालली एकटी. मी म्हटलं, आत्याकडे. तिला ते पुरेसं वाटलं नाही हे दिसत होतं, पण जामसांवलीचा फाटा आला आणि अर्धी बस रिकामी झाली. ती उतरता उतरता म्हणाली, मारुतीले हात जोडजो, सगळं बरं होईन. मी बसल्या जागेवरून जोडले. पण मनातून मी त्या खिशातला कागद कसा काढायचा याचाच विचार करून राहिले होते.

सौंसरच्या स्टँडवर उतरल्यावर गुलाबराव चहाच्या टपरीवर सुमनबाईंचं घर विचारू लागले. मी पुढे झाले. म्हटलं, मी त्यांच्याच गल्लीतली, त्यांच्याकडेच चालले, द्या मी देते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि खिशातून चिठ्ठी काढून दिली. मला वाटलं, कसं फसवलं. टपरीच्या मागे उसाच्या चिपाडांचा ढीग होता, तिथे जाऊन मी ती उघडली. दुसऱ्याची चिठ्ठी मी आयुष्यात तेवढी एकच उघडली.

बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. कलमाचे पत्रे कोरायची सवय, त्यामुळे कागदावरही ते खिळ्याने कोरल्यासारखंच लिहीत, निम्म्या मात्रा आणि टिंबं गाळून. चिठ्ठी मला शब्दन् शब्द पाठ आहे. "चि. सुमनले. वनीची सासरले याची मर्जी दिसत नाही. निरोप तिले मालूम हाय पण तीन दिवस झाले ते बोलत नाही. म्या वाट पायली. शोभीले आपण विचारलं नाही. इले मनाविरुद्ध धाडत नाही. तू दुसरी पोरगी पाहून घे." खाली सही, आणि सहीखाली विनाकारण एक रेघ.

चिपाडांवर माशा घोंघावत होत्या. मी तिथे उभी राहून रडले, तोंडात ओढणी कोंबून. बाबांना सगळं ठाऊक होतं. निरोप मी दडवला हे ठाऊक होतं, आणि ओरडण्याऐवजी त्यांनी तीन दिवस वाट पाहिली, आणि मग माझ्या बाजूने स्थळ मोडून टाकलं. ताईचं ते वाक्य त्यांच्याही कानांवर कधीतरी पडलं असणार. तिथूनच परतीची बस धरायला हवी होती. पण माझा स्वभाव. वाटलं, चिठ्ठी पोचवायला तर हवी, आणि पोचवताना आत्याचं तोंड कसं होतं ते पाहायला हवं, आणि जमलं तर तो चाळिशीचा माणूसही. फौजदाराने आरोपी न पाहताच परत जायचं म्हणजे काय.

आत्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "त्या लेकराईकडे गेल्या ना. सकायची तिथंच असतेत." लेकरांकडे म्हणजे त्याच्या घरी. कुठे ते तिने हात करून दाखवलं, दोन गल्ल्या सोडून, कौलारू, पुढे अंगण. मी तरातरा गेले. अंगणाच्या फाटकाशी एक माणूस होता, बरोबर चाळिशीचा, मिशा जाड, बिजागरीत खिळा ठोकत होता, आणि एक दोन वर्षांचं शेंबडं पोर त्याच्या पायाला बिलगून उभं होतं. आतून आणखी पोरांचा गलका येत होता. मी विचारलं, लेकरं तुमचीच का. तो हसून म्हणाला, माझीच समजा. मग मी बसमध्ये घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "माझ्या बाबानं नाही म्हटलं हाय. अन् माझंबी नाही हाय. दुसरी पोरगी पाहून घ्या."

तो हातोडी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग आत वळून शांतपणे हाक मारली, "ओ बाई, इथं एक पोरगी मले नाही म्हणून राहिली."

आत्या बाहेर आली ती हातात खिचडीची पळी घेऊन. मला पाहून तिचं तोंड उजळलं. "आली का बाप्पा. मी सकायपासून वाट पाहून राहिली. बाबा कुठं हाय तुहा? फोनवर सांगलं होतं ना, पोरीचं सौंसर पक्कं झालं म्हणून." ती हे नेहमीसारखं घाईत बोलली, आणि तिच्या तोंडून ते 'सौंसर' बाहेर पडलं तेव्हा मला ते प्रथमच धड ऐकू आलं; खराब लाइनवर सेठजींनी त्याचं सासर ऐकलं होतं आणि मला ससुराल करून दिलं होतं. तिच्या मागे अंगणात सतरंजीवर लेकरं बसली होती. लहान लहान, पाट्या घेऊन, कोणी झोपलेलं, कोणी एकमेकाचे केस ओढत. आत्या म्हणाली, चाळीसक हायेत, घेशीन तू सांभाळून. तो मिशाळ माणूस सुतार होता. फाटकाची बिजागरी बसवायला आला होता, आणि त्याला घरी गेल्यावर बायकोला सांगायला चांगली गोष्ट मिळाली होती.

ती बालवाडी होती. सौंसरच्या काही बायांनी मिळून काढलेली. आधीची शिक्षिका लग्न होऊन गेली होती आणि जागा रिकामी होती. आत्या तिथे खिचडी रांधायची, तिने माझं नाव सुचवलं. दाखला, फोटो त्यासाठी मागवले. अठरा पूर्ण लागत होते. साड्या शिकवायला नेसायच्या होत्या, पेटी आत्याकडे राहायला यायची होती, आणि संध्याकाळी अभ्यास करून बाहेरून बी.ए.ला बसायचं, हेही आत्याने ठरवून ठेवलं होतं. यादीत नाव नाही म्हणून मी दोन दिवस उपाशी राहिले ते बाबा विसरले नव्हते. पक्कं होत नाही तोवर तिले सांगाचं नाही, पुन्हा आशा लावून तोडाची नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. वाढदिवसाला सांबारवडी करून मग सांगणार होते. आत्या हे सगळं सांगत असताना मी मूठ पाठीमागे धरली होती, कारण मुठीत चिठ्ठी होती. ती आता मला नीट वाचता येत होती. 'सौंसर'च्या दोन मात्रा आणि एक टिंब बाबांच्या हातून गळलं होतं, तेवढंच. सौंसरला यायची माझी मर्जी दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, कारण निरोप मला दिल्याचं सेठजींकडून त्यांना कळलं होतं, आणि तरी मी तोंड उघडलं नव्हतं.

बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई आतून आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात वही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की आणखी एका मुलीचा अर्ज आहे, तिचा बाप रोज येऊन बसतो. घरच्यांचा होकार असेल तरच आज नाव लिहिते, मागाहून रडारड नको. "तुमच्या वडिलांचं काय म्हणणं आहे?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांचं म्हणणं माझ्या मुठीत होतं, त्यांच्या सहीनिशी.

मी म्हटलं, "बाबांनी ये म्हटलं." आणि मूठ ओढणीत घेतली.

दुपारपर्यंत मी त्या लेकरांत बसले. एका मुलीने माझा अंगठा धरून विचारलं, बाई, तुमाले कोण चावलं? बाई असं मला कोणी म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. संध्याकाळच्या बसला पुन्हा गुलाबरावच होते. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि तिकिटं फाडत पुढे गेले. पिशवीत मंगळवारपासून पडलेली सेठजींची चिक्की सापडली, मऊ पडलेली, ती मी खाल्ली. पांढुर्ण्याला दिवे लागायच्या सुमारास बस शिरली तेव्हा बाबा स्टँडवर होते, येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन पाहत होते. गुलाबराव माझ्याआधी उतरले. दोघे काहीतरी बोलले. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि मग माझ्याकडे आले.

कुठे गेली होतीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सौंसरला. पक्कं झालं, सोमवारपासून ये म्हणतात. बाबांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "तुह्या मनात हाय?"

"हाय."

"मंग झालं." आणि चार पावलं चालल्यावर, "काही सांगाचं राहिलं काय, फौजदार?"

मी म्हटलं, नाही.

घरी माय तोंड फिरवून बसली होती. हळद कुटायला जातो म्हणून सांगून पोरगी दुसऱ्या गावाला गेली हे तिला जामसांवलीहून परतलेल्या कोणाकडून तरी कळलं होतं, आणि वड्या थंड झाल्या होत्या. तिने मला पाटावर बसवलं ते जरा आपटूनच. पण ओवाळताना तिचे हात हळू झाले. आमच्या घरातला माणसाचा तो पहिला वाढदिवस.

पुढचं थोडक्यात सांगते. बी.ए. झालं, मग पुढचं शिक्षण, मग सरकारी शाळा. लग्न झालं ते मला विचारून, आणि झालं ते सौंसरलाच. पंगतीत सेठजी येऊन म्हणाले, मैंने तो पहले ही बोला था, लड़की का ससुराल पक्का हो गया. आता तर पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं आणि सौंसर त्याच जिल्ह्यात आलं. दरवर्षी त्या तारखेला बाबांचा फोन यायचा, आधी सेठजींच्या दुकानातून, मग घरातून. शुभेच्छा वगैरे त्यांना जमत नसे. ते एवढंच विचारायचे, फौजदार, काही सांगाचं राहिलं काय? मी म्हणायची, नाही बाबा, सगळं बरं हाय. त्यांची ती सवयच, असं मी धरून चालले. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, या एका प्रश्नावर मला कधी संशय आला नाही.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी जामसांवलीला गुलाबराव भेटले, काठी टेकत, नातवाच्या बायकोचा हात धरून. मी त्यांना त्या दिवशीची गोष्ट हसत हसत सांगितली, की कशी तुमच्याकडून चिठ्ठी काढली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचा अंगठा पायला अन् मले कळलं का हे त्याईचीच पोरगी. मी सांगलं होतं तुमच्या बाबाले, त्याच संध्याकाळी स्टँडवर. चिठ्ठी पोरीनंच घेतली, मांगं जाऊन वाचून राहिली होती, रडत होती. तं ते म्हणे, गुलाबराव, मले मालूम हाय हे तिले सांगू नको. तिच्या मनानं सांगन तवा सांगन."

चिठ्ठी माझ्याजवळ आहे, निळ्या पेटीत, दाखल्याच्या घडीत. या वर्षी त्या तारखेला सकाळपासून मोबाइल वाजत होता. बँकेने शुभेच्छा दिल्या, विम्यावाल्यांनी दिल्या, नातीने केकचं चित्र पाठवलं. मी प्रत्येक वेळी चष्मा लावून पाहत होते. दुपारी पेटी उघडली, ती चिठ्ठी काढली आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, हो बाबा, एक सांगाचं राहिलं हाय.